टीएसएच वाढलाय? रिपोर्ट कसा वाचायचा आणि गोळी कशी सुरू करायची

रात्री साडेदहाला मावशीचा व्हॉट्सअपवर पीडीएफ आला आणि पाठोपाठ फोन. "अगं, टीएसएचपुढे अडतीस लिहिलंय, ठळक काळ्या अक्षरात, आणि शेजारी हाय लिहिलंय, म्हणजे गाठबिठ नाही ना काही?" मावशी साताऱ्याला असते, वय ५८, गेलं वर्षभर आवाज घोगरा झाला होता, मे महिन्यात पंखा बंद करून पायावर गोधडी घेऊन बसायची, दुपारी जेवली की बसल्या जागी डोळा लागायचा, आणि घरातले सगळे, मीसुद्धा, वय झालं म्हणून सोडून देत होतो. मला स्वतःला थायरॉइड मंदावण्याचा हा आजार अकरा वर्षं आहे, त्यामुळे तिला फोनवर अर्धा तास समजावलं आणि मग वाटलं की हेच एकदा नीट लिहून काढावं. कारण रिपोर्ट हातात पडल्यापासून डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दोन-तीन दिवस माणूस नुसता घाबरून काढतो, नाहीतर शेजारणीला जी गोळी चालू आहे तीच मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करतो. दोन्ही नको.

मी डॉक्टर नाही, डोस डॉक्टरच ठरवणार. पण रिपोर्ट थोडा वाचता आला तर डॉक्टरांसमोरची ती दहा मिनिटं खरी कामी येतात.

आधी टीएसएच म्हणजे काय ते बघू

थायरॉइड ही गळ्यात पुढच्या बाजूला, कंठाच्या जरा खाली असलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. ती टी४ आणि थोडासा टी३ हे हार्मोन बनवते आणि शरीराचा सगळा वेग त्यावर चालतो, हृदयाचे ठोके, पचन, अंगातली ऊब, पाळी, केस, मूड सगळंच. आता गंमत अशी की टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. तो मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते तिच्यातून येतो आणि त्याचं काम एकच, थायरॉइडला कामाला लावणं. थायरॉइड मंदावली, रक्तातला टी४ कमी पडायला लागला की पिट्युटरी जास्त जोरात हाका मारते, म्हणजे टीएसएच वाढतो. म्हणून हा आकडा उलटा वाचायचा. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइडचं काम कमी, त्यालाच हायपोथायरॉइड म्हणतात. आपल्याकडे लोक "माझा थायरॉइड हाय आहे" म्हणतात ना, ते रिपोर्टवरचं हाय वाचून म्हणतात, आणि मग नेटवर हायपरथायरॉइडची, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याच्या उलट्या आजाराची, माहिती वाचून भलतीच पथ्यं सुरू करतात. माझ्या ऑफिसमधल्या एकीने महिनाभर असंच केलं. तेव्हा हे आधी डोक्यात पक्कं करा.

नॉर्मल किती? बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आसपास रेंज असते, पण प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं, रेंज थोडी वेगळी, म्हणून आपल्या रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात छापलेली रेंजच बघायची. वय वाढलं की टीएसएच आपोआप थोडा वर सरकतो, सत्तरीच्या पुढच्या माणसाला ५ किंवा ६ आला तर लगेच आजार समजत नाहीत. आणि गरोदरपणात हिशोबच वेगळा, त्याबद्दल खाली लिहिते. लहान मुलांचीही रेंज वेगळी असते, त्यांचा रिपोर्ट या लेखावरून वाचू नका.

युनिटवरून गोंधळ होतो तो पण इथेच सांगते. टीएसएचला कुठे मायक्रो आययू प्रति मिली लिहितात, कुठे मिली आययू प्रति लिटर, आकडा दोन्हीत तोच राहतो. फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा टी४, त्याचं मात्र तसं नाही. आपल्याकडे बरेचदा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं आणि नॉर्मल साधारण ०.८ ते १.८, पण इंग्लंडमध्ये वगैरे पिकोमोल प्रति लिटर असतं, तिथे तीच गोष्ट १२, १५, २० अशा आकड्यात दिसते. साधारण १३ ने गुणायचं की झालं. माझा भाऊ लीड्सला असतो, त्याने त्याचा १४ चा रिपोर्ट माझ्या १.१ शी ताडून बघितला आणि घाबरला होता, आकडे जवळपास सारखेच होते.

नुसता टीएसएच बघून निर्णय नको

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून इथे जरा थांबते. टीएसएचबरोबर फ्री टी४ बघायलाच हवा. स्वस्तातल्या हेल्थ पॅकेजमध्ये "थायरॉइड प्रोफाइल" म्हणून जे असतं त्यात बरेचदा टोटल टी३, टोटल टी४ आणि टीएसएच असतं, फ्री नसतं. टोटल म्हणजे रक्तातल्या प्रोटीनला चिकटून फिरणारा आणि मोकळा असा सगळा मिळून, आणि शरीराच्या कामाचा असतो तो मोकळा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर ते प्रोटीन वाढतं आणि टोटल टी४ उगाच जास्त दिसतो. म्हणून टीएसएच गडबड दाखवत असेल तर लॅबला सांगून फ्री टी४ करून घ्या, बरेचदा त्याच सँपलमधून होतो, परत सुई टोचावी लागत नाही, पण त्यासाठी लवकर फोन करायला हवा. टी३ वर फार जीव टाकू नका. थायरॉइड मंदावते तेव्हा टी३ शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतो, त्यामुळे "टी३ नॉर्मल आहे म्हणजे काही नाही" असं होत नाही.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. टीएसएच जास्त आणि फ्री टी४ कमी, म्हणजे सरळ हायपोथायरॉइड, गोळी लागणार. मावशीचा टीएसएच ३८.६ आणि फ्री टी४ ०.५२ होता, तिच्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. टीएसएच जास्त पण फ्री टी४ रेंजमध्ये, याला सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे पिट्युटरी जोर लावतेय आणि थायरॉइड कसंबसं भागवतेय. यात टीएसएच १० च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मधे असेल तर लगेच गोळी लागतेच असं अजिबात नाही, दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करतात, आणि कितीतरी जणांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. ताप, डेंग्यू, न्यूमोनिया, ऑपरेशन अशा मोठ्या दुखण्यातून उठताना टीएसएच काही आठवडे तात्पुरता वाढतो, बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन आकडे खालीवर होतात. एकाच रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी लावून घेऊ नका, परत टेस्ट करायची का हे स्वतःहून विचारा. मला पहिल्यांदा ६.८ आला होता तेव्हा तीन मिनिटांत गोळी लिहून दिली, परत टेस्ट नाही, फ्री टी४ नाही, काही समजावणं नाही. पुढे माझा आजार खराच निघाला ही गोष्ट वेगळी, पण तेव्हा ते कळायला काही मार्ग नव्हता.

आणि एक प्रकार क्वचित असतो पण लक्षात ठेवा, फ्री टी४ कमी आणि टीएसएच पण कमी किंवा अगदी नॉर्मल. म्हणजे हाका मारणारी पिट्युटरीच आजारी असू शकते. तिथे नुसता टीएसएच बघणारा माणूस फसतो, रिपोर्टवर "नॉर्मल" छापून येतं. सोबत सारखं डोकं दुखणं, नजर कमी होणं, पाळी बंद होणं असं काही असेल तर सरळ एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. यात शरीरातलं कॉर्टिसोल नावाचं दुसरं हार्मोन पण कमी असू शकतं आणि ते न तपासता थायरॉइडची गोळी सुरू केली तर धोका होतो.

अँटी टीपीओ नावाची एक टेस्ट सांगतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटली आहे, याला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने हे पहिल्यांदा लिहिलं म्हणून ते नाव. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी असताना हायपोथायरॉइडचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. सबक्लिनिकलवाल्यांना या टेस्टचा उपयोग होतो, कारण ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे आजार वाढण्याची शक्यता जास्त. पण एकदा केली की बास. तो आकडा ६०० आहे की १२०० यावरून गोळी बदलत नाही, तरी दर सहा महिन्यांनी ती करून पैसे घालवणारे लोक मी बघितलेत. तसंच गळ्याची सोनोग्राफी, हाताला गाठ लागत असेल, गळा सुजलेला दिसत असेल तर नक्की करा, नाहीतर प्रत्येकाला ती लागत नाही.

रिपोर्टच्या बाकीच्या पानांवर पण नजर टाका. थायरॉइड मंद असली की कोलेस्टेरॉल वाढतं, कधी हिमोग्लोबिन कमी येतं, सोडियम कमी येतं. मावशीचं कोलेस्टेरॉल २६८ होतं आणि त्यासाठी वेगळी गोळी तिला सांगितली होती. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार की थायरॉइड ताळ्यावर आल्यावर परत बघायचं का. ते हो म्हणाले.

रक्त द्यायला जाण्याआधी

थायरॉइडसाठी उपाशीपोटीच जायला पाहिजे असा नियम नाही, पण टीएसएच दिवसभर बदलत असतो, रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला असं केलं तर आकड्यांची तुलना होत नाही. शक्यतो तीच लॅब, सकाळची तीच वेळ. गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ वर जातो.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या किंवा त्या गोड गमीज घेत असाल तर हे नीट वाचा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी४ खोटाच जास्त दिसतो. म्हणजे केस गळतात थायरॉइडमुळे, त्यावर बायोटिन खाल्लं, आणि बायोटिनमुळे रिपोर्ट नॉर्मल आला, असं चक्र होतं. निदान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर किती दिवस आधी ते डॉक्टरांना विचारा. अश्वगंधा, काढे, वजन कमी करायच्या पावडरी, जे काही चालू असेल ते सांगा. लाजू नका. हृदयासाठी अमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ते तर पहिल्या वाक्यात सांगा, या दोन्हींनी थायरॉइड मंदावू शकते.

गोळी सुरू करताना

गोळीचं नाव लिव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं तुम्ही ऐकली असतील, आत औषध तेच. थायरॉइड जो टी४ बनवते तोच हा टी४, फक्त कारखान्यात बनवलेला. म्हणून "गोळीची सवय लागते का" याचं उत्तर नाही असंच आहे, जे कमी पडतंय ते भरून काढतोय आपण. मावशी दोन दिवस आयुष्यभर गोळी म्हणून रडत होती. तिला मी एक गोष्ट सांगितली ती इथेही सांगते. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. त्याआधी या आजाराची माणसं सुजून, गारठून, हळूहळू विझत जायची, काही उपायच नव्हता. ती बाई पुढे २८ वर्षं जगली. आज आपल्याला मेंढी लागत नाही, सुई लागत नाही, एक बारीकशी गोळी आहे. मावशी गप्प झाली आणि म्हणाली, "बरं, कधी घ्यायची सांग."

डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मिलिग्रॅममध्ये नाही. थायरॉइड जवळजवळ पूर्ण बंद पडलेली असेल तर तरुण, धडधाकट माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतो, म्हणजे ६० किलोच्या बाईला १०० च्या आसपास. पण सबक्लिनिकल असेल तर २५ किंवा ५० वर भागतं. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५ पासून सुरू करून हळूहळू चढवतात, कारण मंद चालणाऱ्या हृदयाला एकदम पळायला लावलं तर छातीत दुखू शकतं, ठोके बिघडू शकतात. छातीत दुखणं, चढताना दम लागणं असं काही आधी झालं असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधी सांगा. शेजारणीचा डोस आपल्याला का चालत नाही हे आता लक्षात आलं असेल.

मेडिकलमधून बाटली घेतली की तिथेच उभं राहून आकडा वाचा. २५, ५०, ७५, ८८, १००, ११२ असे बरेच प्रकार असतात आणि बाटल्या दिसायला सारख्याच. ब्रँड बदलला तरी चालतो पण मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून बघावा लागतो, म्हणून उगाच बदलू नका. गोळ्या त्याच बाटलीत ठेवा, आतली ती छोटी पुडी टाकू नका, बाटली बाथरूममध्ये, गॅसच्या वरच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उष्णता आणि दमट हवेने औषधाचा जोर कमी होतो, कोकणात पावसाळ्यात तर जास्त जपा.

सकाळचा पहिला तास

माझं सगळं इथेच चुकलं होतं. पहिल्या वर्षी डोस ५० वरून ७५, ७५ वरून १०० गेला तरी टीएसएच ९ च्या खाली येईना. मला वाटायचं आपल्याला औषध लागूच पडत नाही. मग एका नव्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंत काय काय पोटात जातं ते क्रमाने सांगा." मी सांगितलं, गोळी, लगेच दुधाचा चहा, दोन मारी बिस्किटं, आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळी पण त्याच घोटाबरोबर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, डोस वाढवायचा नाही, कॅल्शियम रात्री न्या. दोन महिन्यांत टीएसएच २.९ आला, आणि पुढे तर डोस ७५ वर आणावा लागला.

तर असं करा. उठल्यावर गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. लिंबू-मध पाणी नको, जिऱ्याचं पाणी नको, भिजवलेले बदाम नंतर. मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काही नाही, चहा-कॉफी पण नाही. कॉफीने औषध कमी शोषलं जातं हे नक्की आहे, आणि आपला चहा म्हणजे दूध आलंच. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर. गरोदर बायकांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतं, त्यांनी एकाच्या वेळा दुपारी आणि दुसऱ्याच्या रात्री अशा कागदावर लिहून फ्रिजवर लावून टाका. पित्तासाठी रोज पँटोप्राझोलसारखी गोळी घेत असाल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे डोस जास्त लागू शकतो. सोयाबीनचं दूध, सोया चंक्स गोळीच्या जवळपास नकोत.

मावशीचा प्रश्न होता की पहाटे पाचला दूधवाला, मग देवपूजा, मग भाच्यांचे डबे, यात तासभर चहाशिवाय जमणारच नाही. ज्यांचं असं आहे त्यांनी रात्री झोपताना घ्या, फक्त जेवण होऊन तीन तास झालेले असावेत आणि वर दूध पिऊ नका. सकाळ किंवा रात्र काहीही निवडा पण रोज तेच. मावशीने सकाळच निवडली, बाटली देवघराच्या कट्ट्यावर ठेवली, पाच वाजता दूध घ्यायला उठते तेव्हा गोळी, आणि पूजा होईपर्यंत पाऊण तास आपोआप निघून जातो. उपासाच्या दिवशी गोळी सोडायची नाही. एकादशी असो, नवरात्र असो, घोटभर पाण्याबरोबरची गोळी घ्या. रमजानात रोजे असतील तर सहरीच्या आधी किंवा रात्री झोपताना कसं बसवायचं ते डॉक्टरांशी बोलून घ्या.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. या औषधाचा रक्तातला निम्मा भाग संपायला जवळपास सात दिवस लागतात, एका दिवसाने काही कोसळत नाही. दुपारी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर तेव्हा घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका.

सहा आठवडे थांबायचं

याच सात दिवसांच्या गणितामुळे औषध रक्तात स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी करण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही म्हणून गोळी सोडणारे खूप आहेत, आणि महिन्याने एकदम छान वाटलं म्हणून सोडणारे तर त्याहून जास्त! छान वाटतंय ते गोळीमुळे वाटतंय.

काय आधी बरं होतं? मला आठवतं त्याप्रमाणे तिसऱ्या आठवड्यात पोट साफ व्हायला लागलं आणि थंडी वाजणं कमी झालं. झोपाळूपणा त्यानंतर. त्वचा आणि केसांना चार-सहा महिने द्या, मधे काही दिवस केस जास्त गळल्यासारखे वाटतील, सोडू नका. वजनाबद्दल खरं सांगते, हायपोथायरॉइडमुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं आणि त्यात बरंचसं पाणीच, तेवढं उतरतं. वीस किलो थायरॉइडमुळे वाढले असं समजून गोळीचा डोस वाढवून मागू नका. जास्त डोसमध्ये छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम, चिडचिड असं होतं, आणि वर्षानुवर्षं जास्त राहिला तर हाडं ठिसूळ होतात, म्हाताऱ्या माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. अशी लक्षणं दिसली तर सहा आठवड्यांची वाट न बघता फोन करा.

दुसरा रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्री टी४ आधी सुधारतो आणि टीएसएच मागून रेंगाळत येतो, विशेषतः सुरुवातीचा आकडा मोठा असेल तर. त्यामुळे "अजून हायच आहे" म्हणून निराश होऊ नका, किती खाली आला ते बघा. उलट फ्री टी४ छान आणि टीएसएच मात्र बराच वर असं दिसलं तर डॉक्टर विचारतील, गोळ्या रोज घेता की टेस्टच्या आधीच्या आठवड्यात नीट घेता? खरं सांगा. नाहीतर गरज नसताना डोस वाढतो. एकदा आकडा स्थिर झाला की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा टेस्ट पुरते.

पथ्याबद्दल थोडक्यात. कोबी, फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. मीठ आयोडीनयुक्त वापरा, सैंधव एकटंच वापरत असाल तर त्यात पुरेसं आयोडीन नसतं. पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका, हाशिमोटोमध्ये जास्त आयोडीनने उलट बिघडतं. योगासनं, चालणं जरूर करा, गोळी चालू ठेवून.

दिवस गेले असतील तर थांबू नका

आधीच गोळी चालू आहे आणि पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पहिल्या तीन महिन्यांत बाळ बहुतांशी आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं आणि आईचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. बरेच डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की कळलं की आठवड्यात दोन गोळ्या जादा सुरू करा आणि मग या. तुमचं मूल व्हायचं प्लॅनिंग चालू असेल तर हे आत्ताच विचारून ठेवा. गोळी चालू असलेल्यांचा टीएसएच गरोदरपणात २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो आणि निम्मे महिने भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टेस्ट. बाळंतपणानंतर डोस परत पूर्वीचा, अंगावर पाजताना गोळी सुरक्षित आहे. आणि बाळाची टाचेच्या रक्ताची टीएसएच टेस्ट झाली का हे दवाखान्यातून निघायच्या आधी विचारा, नवजात बाळात थायरॉइड कमी असेल तर मेंदूची वाढ खुंटते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली तर मूल नॉर्मल वाढतं. हे विचारायला आजी-आत्यांनी पण पुढे व्हा, बाळंतीण दमलेली असते.

अजून एक तातडीचं. घरातलं म्हातारं माणूस, गोळ्या बंद केलेलं किंवा कधी तपासलेलंच नसलेलं, थंडीच्या दिवसात फार सुस्त झालं, अंग गार लागतंय, बोलण्यात गोंधळ, उठवलं तरी नीट उठत नाही, असं झालं तर लॅब नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी.

मावशीचं म्हणाल तर ईसीजी काढून ५० वर सुरू केलं. दोन महिन्यांनी टीएसएच ११.२ आणि फ्री टी४ १.०२, तेव्हा ७५ केलं. परवा तिसरा रिपोर्ट आला, टीएसएच ३.१, कोलेस्टेरॉल २०४, वेगळ्या गोळीशिवाय. फोनवर आवाज ऐकूनच मला कळलं होतं, घोगरेपणा गेलाय. आता पुढची टेस्ट सहा महिन्यांनी, तारीख तिने बाटलीच्या झाकणावर स्केचपेनने लिहून ठेवलीये.